खांद्याला सोसेल अशी रायफल

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सकाळी फिरायला जाणाऱ्यांना चितळाचं अप्रूप राहिलेलं नाही. रस्त्याकडेला कळप चरत असतो, एखादा नर मान वर करून बघतो, लोक मोबाइल काढतात आणि पुढे चालू लागतात. अशा भरलेल्या नराचं वजन ७० ते ९० किलो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्याच्यावर बंदूक रोखणं म्हणजे तुरुंगाची वाट. हेच चितळ १८६८च्या सुमारास हवाईच्या राजाला भेट म्हणून मोलोकाई बेटावर पोचलं आणि १९३०च्या दशकात टेक्सासात. तिथे त्याला ‘ॲक्सिस डिअर’ म्हणतात. बाहेरून आणलेला प्राणी, म्हणून त्याच्या शिकारीला टेक्सासात बंद मोसमच नाही. परवाना आणि जमीनमालकाची संमती असली की बारा महिने तेरा काळ मोकळीक.

हरणासाठी कोणती रायफल घ्यावी, असं मुंबईच्या उपनगरात कुणी विचारलं तर त्याला आधी वकिलाचा पत्ता द्यावा लागेल. पण उपनगरातली कुटुंबं आता उपनगरापुरती उरलेली नाहीत. मुलं-बाळं न्यू जर्सीत आहेत, पेनसिल्व्हेनियात आहेत, मिशिगनमध्ये आहेत, आणि तिथे थंडी सुरू झाली की शेजारचा माणूस सुट्टी टाकून नारिंगी जाकीट घालून जंगलात जातो. एखाद्या वर्षी तो विचारतो, “येतेस का?”

या लेखापुरते दोघे जण समोरासमोर बसवू. मामा मुलुंड पश्चिमेला राहणारे, बँकेतून निवृत्त. कॉलेजात असताना एनसीसी, पुढे काही वर्षं वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर नेमबाजी. भाची घाटकोपरला वाढलेली, आता पिट्सबर्गजवळ राहणारी, ग्रीन कार्डवाली, उंची पाच फूट दोन इंच. शिकारीसाठी तिथे सक्तीचा असलेला सुरक्षेचा कोर्स तिनं पुरा केला आहे. रायफल मात्र ठरायची आहे. ऑफिसातला सहकारी त्याची .३०० विंचेस्टर मॅग्नम या मोसमापुरती वापरायला देतो आहे. दोघांचं भांडण इथूनच सुरू होतं. हे भांडण काल्पनिक नाही. नेमबाज आणि शिकारी यांच्यात ते शंभर वर्षांहून जास्त काळ चालू आहे.

“थ्री हंड्रेड मॅग्नम?” मामा हसले. “अगं, तुला हरीण मारायचंय की रेल्वेचं इंजिन?”

“हरीणच. पण एका गोळीत. अर्धमेलं होऊन झाडीत पळालेलं हरीण मला नकोय. म्हणून जास्तीत जास्त ताकद. यात हसण्यासारखं काय आहे?”

प्रश्न गैर नव्हता. शिकारीत सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे जनावर जखमी करून हरवणं, यावर दोघांचं एकमत होतं. तिथे पोचायचं कसं, यावर नव्हतं.

मामांचा पुरावा त्यांच्या उजव्या खांद्यावरचा. एनसीसीच्या कॅम्पात थ्री-नॉट-थ्री हातात आली तेव्हा पहिल्या पाच गोळ्यांनंतर खांदा निळा पडला होता. सहाव्या गोळीला त्यांनी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटले आणि गोळी शेजारच्याच्या टार्गेटवर गेली. उस्तादानं त्या दिवशी जे सुनावलं ते छापण्यासारखं नाही.

भाचीनं मात्र हिशोब करून आणला होता, आणि तो मामांच्या विरुद्ध जाणारा होता. रायफलचा धक्का हा न्यूटनचा तिसरा नियम आहे, त्यात गूढ काही नाही. गोळीचं वजन आणि वेग, तिच्यामागून सुटणाऱ्या जळत्या दारूच्या वायूचं वजन आणि वेग, या सगळ्याचा जोर उलट्या दिशेनं रायफलला मिळतो. थ्री-नॉट-थ्रीची गोळी सव्वाअकरा ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण ७४० मीटर. पण ती जुनी ली-एनफिल्ड चार किलोंची असते. त्यामुळे खांद्यावर येणारी ऊर्जा भरते सुमारे १६ ज्यूल. दीड किलोचं वजन एक मीटरवरून पडल्यावर जेवढी होते, त्याहून थोडी जास्त. “म्हणजे तुझी रायफल कागदावर मवाळच होती, मामा. तुझा खांदा कुणी फोडला माहितीये? दस्त्याच्या टोकाला बसवलेल्या पितळेच्या पट्टीनं. वर तू जमिनीवर पालथा पडलेला. पडून गोळी झाडली की अंग मागे झुलत नाही, सगळा मार हाडावर.”

हे खरं आहे. रायफलच्या दुकानात धक्क्याचा एकच आकडा सांगतात, पण माणसाला जाणवणारा धक्का निराळा असतो. दस्त्याचा आकार, त्याच्या टोकाला रबर आहे की धातू, माणूस उभा आहे की बसलेला, अंगात टी-शर्ट आहे की जाड जाकीट, कानावर संरक्षण आहे की नाही, या सगळ्यानं तो बदलतो. रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो. पुष्कळ नवख्यांना खांद्यावरचा मार वाटतो तो खरं तर कानातला असतो.

“बरं, मग तुझ्या त्या मॅग्नमचा आकडा सांग,” मामा म्हणाले.

इथे भाची जरा थांबली. पावणेबारा ग्रॅमची गोळी, सेकंदाला ९०० मीटर, दारू थ्री-नॉट-थ्रीच्या जवळजवळ दुप्पट. दुर्बिणीसकट रायफल ३.८ किलोंची धरली तर सुमारे ३५ ज्यूल.

“म्हणजे माझ्या निळ्या खांद्याच्या दुपटीहून जास्त.”

“रबरी पॅड आहे तिला.”

“असेल की. रबर धक्का गिळत नाही, पसरवतं.”

याच हिशोबाच्या पट्टीवर बाकीची काडतुसं मांडली, प्रत्येक वेळी रायफल ३.४ किलोंची धरली, तर .२४३ विंचेस्टर १२ ज्यूलच्या आसपास येते, ६.५ क्रीडमूर १७, ७ एमएम-०८ अठरा-साडेअठरा, .३०८ विंचेस्टर २१. अमेरिकेतली सगळ्यात मुरलेली .३०-०६ थोड्या वजनदार रायफलीतही जड गोळीनं २७ पर्यंत जाते. नेहमी सराव न करणाऱ्या माणसाला वीस ज्यूलच्या पुढे रायफल खुपायला लागते, असं जुने नेमबाज सांगतात. ही काही कायद्याची रेषा नव्हे, पण तिला अनुभवाचा आधार आहे.

आता खरा मुद्दा, जो दुकानदार क्वचितच सांगतो. गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा हजारावा भाग लागतो, फार तर सव्वा. तेवढ्या वेळात रायफल मागे सरकते ती जेमतेम दोन मिलिमीटर. गोळी गेलेली असते, मग खांद्याला धक्का पोचतो. याचा अर्थ धक्क्यानं नेम बिघडत नाही, धक्क्याच्या भीतीनं बिघडतो. मेंदूला एकदा कळलं की चाप ओढला की मार बसणार, की तो चाप ओढायच्या आधीच अंग चोरून घेतो. खांदा पुढे येतो, डोळा मिटतो, बोट चापावर हिसका देतं. रायफल साधारण एक मीटर लांब असते. अंग चोरताना नळीचं टोक एक मिलिमीटर हललं तरी शंभर मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर बाजूला जाते. हरणाच्या छातीतला हृदय-फुप्फुसांचा भाग वीस-पंचवीस सेंटिमीटरचा. नेम मधोमध धरला असला तरी एक मिलिमीटर गेला की जवळजवळ सगळी सवलत संपली. तीन मिलिमीटर गेले की गोळी पोटात.

“आणि पोटात मॅग्नम लागली काय आणि थ्री-नॉट-थ्री लागली काय,” मामा म्हणाले, “जनावर मैलभर पळतं आणि रात्रभर मरतं. तुला हेच नकोय ना?”

भाची वरमली नाही. “मामा, तू आयुष्यभर कागद मारलास. कागदाला हाड नसतं. स्वप्नील कुसळेला २०२४मध्ये पॅरिसला कांस्य मिळालं ते पॉइंट टू टूनं, तिचा धक्का जवळजवळ शून्य. तिथे बारीक नेम हाच सगळा खेळ आहे. पण पॉइंट टू टूनं पेनसिल्व्हेनियात हरीण मारणं गुन्हा आहे. कायद्यानंसुद्धा मानलंय की नुसता नेम पुरत नाही.”

हा तिचा सगळ्यात बळकट मुद्दा होता. कोलोरॅडो राज्यात हरणासाठी .२४ कॅलिबरखालची रायफल चालत नाही. इंग्लंडच्या कायद्यातही मोठ्या हरणांसाठी .२४०ची किमान मर्यादा आहे, वर नळीच्या तोंडाशी किती ऊर्जा हवी याचा आकडाही आहे. .२४३ विंचेस्टर त्या उंबरठ्याच्या जेमतेम आत उभी आहे. तिची गोळी साडेसहा ग्रॅमची. हरीण आडवं, शांत, शंभर मीटरच्या आत उभं असेल तर ती हवं ते सगळं करते. तेच हरीण तिरकं उभं असेल, खांद्याचं हाड मध्ये असेल, तर हलकी गोळी आत पुरेशी खोल जाईलच याची खात्री कमी होते. आरपार गेली नाही तर रक्ताचा माग बारीक पडतो आणि संध्याकाळच्या पालापाचोळ्यात तो शोधणं नवख्याच्या हातचं काम नव्हे.

“तिरकं उभं असेल तर गोळी झाडू नकोस,” मामा म्हणाले.

“वर्षातून दोन आठवडे मोसम. पहाटे चारला उठून थंडीत झाडावर बसायचं, आणि हरीण तुझ्या पुस्तकातल्यासारखं उभं राहीपर्यंत वाट बघायची?”

“हो.”

या एकाक्षरी उत्तरावर दोघंही काही वेळ गप्प बसले. लेखकाचं मत विचाराल तर इथे मामा बरोबर आहेत, पण सोपं उत्तर देणाऱ्याच्या जागी बसून बरोबर आहेत. हातात रायफल, समोर जनावर आणि छातीत धडधड असताना चापावरून बोट काढून घेणं फार थोड्यांना जमतं. म्हणून काडतुसात थोडी शिल्लक ताकद असावी, हे भाचीचं म्हणणं टाकाऊ नाही.

मग मामांनी कपाटातून हुकमी पान काढलं: जिम कॉर्बेट. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७मध्ये संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी कॉर्बेटना .२७५ बोअरची रिग्बी रायफल भेट दिली. .२७५ रिग्बी म्हणजे जर्मन ७×५७ माउझरच, इंग्रजी नाव घेतलेली. काडतूस मवाळ, रायफल हलकी. १९२६मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या कॉर्बेटनी याच रायफलीनं टिपला. आफ्रिकेत ‘करामोजो’ बेल नावाच्या शिकाऱ्यानं हजाराहून जास्त हत्ती मारले, त्यातले बरेचसे याच काडतुसानं.

“हत्ती, गं. आणि तुझं ते पेनसिल्व्हेनियाचं हरीण आपल्या बोरिवलीच्या चितळाएवढं.”

“बेल हत्तीच्या मेंदूवर नेम धरायचा, मामा. कवटीची रचना त्याला पाठ होती, मेलेल्या हत्तीची डोकी चिरून त्यानं ती अभ्यासली होती. रोज जंगलात. मी वर्षातून एकदा जाणार. त्याच्या हातात जे पुरलं ते माझ्या हातात पुरेल, हे कुठलं तर्कशास्त्र?”

मामांनी हे मान्य केलं, पण पुरतं नाही. बेलचं कौशल्य बाजूला ठेव, म्हणाले, त्यानं हलकी रायफल का निवडली तेवढं बघ. मोठ्या रायफलींनी त्याचा नेम बिघडत होता म्हणून. कौशल्य असलेल्यालासुद्धा धक्का नकोसा झाला, मग कौशल्य नसलेल्यानं तो का मागून घ्यावा?

कॉर्बेटच्या त्या काडतुसाचा आजचा वारस शोधायला लांब जावं लागत नाही. १९५२मध्ये .३०८ विंचेस्टर आली. तिच्याच पितळी पुंगळीचं तोंड आवळून १९५५मध्ये .२४३ काढली, आणि १९८०मध्ये रेमिंग्टननं मधल्या मापाची ७ एमएम-०८ बाजारात आणली. तिघी एका आईच्या. त्यातली मधली जवळपास तेच काम करते जे ७×५७ करायची, फक्त आखूड आणि आजच्या रायफलींत बसणाऱ्या रूपात. गोळी नऊ ग्रॅमची, म्हणजे .२४३पेक्षा चाळीस टक्के जड. धक्का मात्र .३०८हून कमी. भाचीला हवी असलेली शिल्लक ताकद आणि मामांना हवा असलेला मवाळपणा जर कुठे एकत्र भेटत असतील तर इथे.

“किंवा ६.५ क्रीडमूर,” भाची म्हणाली. “सगळे तीच घेतायत.”

मामांचा क्रीडमूरवर राग आहे, आणि त्याला फारसं कारण नाही. २००७च्या सुमाराला हॉर्नाडी कंपनीनं ती काढली लांब पल्ल्याच्या कागदी नेमबाजीसाठी. लांब, सडपातळ गोळी, वाऱ्याला कमी हलणारी. पण त्याआधी शंभर वर्षं स्वीडन-नॉर्वेतली माणसं ६.५×५५च्या तसल्याच गोळीनं मूस मारत आली आहेत, आणि मूस म्हणजे घोड्याएवढं जनावर. मामांना नवं नाव खटकतं, एवढंच. तिच्या बाजूनं एक व्यवहारी गोष्ट अशी की छोट्या गावातल्या दुकानातसुद्धा तिची काडतुसं मिळतात. ७ एमएम-०८ची दर वेळी मिळतीलच असं नाही. मोसमाच्या आदल्या संध्याकाळी खोकं विसरलेल्याला हा फरक कळतो.

न्यू जर्सीच्या मराठी वाचकांनी मात्र या सगळ्या चर्चेत नुसतं प्रेक्षक व्हावं. त्या राज्यात हरणावर अशी रायफल चालवायलाच परवानगी नाही. तिथे शॉटगन, नाहीतर तोंडाकडून दारू भरायची बंदूक, नाहीतर धनुष्यबाण. बारा बोअरच्या शॉटगनमधून अखंड शिशाची स्लग झाडली तर धक्का चाळीस ज्यूलच्या पुढे जातो. ज्या मॅग्नमवरून मामांना रेल्वेचं इंजिन आठवलं तिच्याही पुढे. तिथल्या एडिसन गावच्या काकांनी वीस बोअर घ्यावी.

काडतूस ठरलं म्हणून खांदा वाचला असं होत नाही. भाचीच्या मनात डोंगरात वापरायची हलकी रायफल होती, दुर्बिणीसकट २.७ किलोंची. “दिवसभर खांद्यावर वागवायचीये. त्यात मी केवढीशी!” हा सापळा आहे, आणि त्यात हुशार माणसं पडतात. जोर तोच राहून रायफलचं वजन घटलं की धक्क्याची ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते. .३०८ची ३.४ किलोंची रायफल २१ ज्यूल देत असेल तर २.७ किलोंची २६ देते. म्हणजे मवाळ काडतूस निवडून वाचवलेलं सगळं हलक्या रायफलीत घालवलं. दिवसभर वागवायचं ओझं आणि एका क्षणाचा मार यांचा हा सौदा आहे. झाडावरच्या मचाणावर बसून राहणाऱ्यानं सातशे ग्रॅम वाचवण्यात काही अर्थ नाही.

दस्त्याची लांबी ही दुसरी गोष्ट, आणि बायकांच्या बाबतीत बहुधा पहिली. बाजारातल्या बहुतेक रायफलींत चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर ३४ सेंटिमीटरच्या आसपास असतं. ते सरासरी अमेरिकन पुरुषाच्या हाताचं माप. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईनं अशी रायफल उचलली की दस्ता खांद्याच्या खळगीऐवजी दंडाच्या हाडावर टेकतो, मान पुढे ताणावी लागते आणि डोळ्याचं दुर्बिणीपासूनचं अंतर चुकतं. दुर्बिणीला डोळ्यापासून साधारण नऊ सेंटिमीटरची मोकळी जागा लागते. ती मिळाली नाही तर धक्क्याबरोबर काचेची कड भुवईवर येऊन बसते आणि तिथे चंद्रकोर उमटते, पैठणीवर न शोभणारी. ‘कॉम्पॅक्ट’ नावानं मिळणाऱ्या आखूड दस्त्याच्या रायफली मुलांसाठी म्हणून विकल्या जातात. कितीतरी बायकांनी त्या मुकाट घेतल्या आहेत आणि नवऱ्यांपेक्षा बरा नेम धरला आहे.

नळीच्या तोंडाला बसवायच्या मझल ब्रेकचं नाव भाचीनं काढलं. त्यातल्या भोकांतून वायू बाजूला फुटतो, धक्का तिसऱ्या हिश्श्यानं, कधी निम्म्यानं उतरतो. पण आवाज बाजूच्याच्या कानात जातो. मामांनी त्यावर एवढंच विचारलं, की शेजारी बसून शिकवणाऱ्याला तू काय सांगशील.

सरावाबद्दल मामांची पद्धत वरळीच्या रेंजवरची. आधी रिकामी रायफल, भिंतीवर ठिपका, चाप ओढायचा आणि ठिपका हलला का बघायचं. मग त्याच धाटणीची पॉइंट टू टू, पुष्कळ दिवस. मोठ्या रायफलीच्या गोळ्या एका बैठकीत थोड्याच, खांदा ठणकायच्या आत थांबायचं. आणि एक परीक्षा: मॅगझिन दुसऱ्यानं भरायचं, त्यात मधेच एखादं खोटं काडतूस घालायचं. खऱ्या गोळीला अंग चोरलं तर धुरात आणि दणक्यात लपून जातं. खोट्या काडतुसावर नुसतं ‘टक्’ होतं आणि रायफलचं तोंड खाली डुचकतं, सगळ्यांसमोर. “हे जोवर होतंय तोवर काडतूस मोठं आहे,” मामा म्हणाले. “तुझा खांदा काय म्हणतो ते विचारूच नकोस, तो खोटं बोलतो.”

इतका वेळ स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या मामी बाहेर आल्या. त्यांचा प्रश्न काडतुसाचा नव्हता. “पण मारायचंच कशाला?”

भाचीनं दिलेलं उत्तर पेनसिल्व्हेनियाच्या इतिहासातलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अख्ख्या अमेरिकेत पांढऱ्या शेपटीचं हरीण पाच लाखांच्या आसपास उरलं होतं. बाजारासाठी बेसुमार मारलेलं. पेनसिल्व्हेनियानं १९०६पासून दुसऱ्या राज्यांतून हरणं आणून जंगलात सोडली. गंमत म्हणजे .३०-०६ काडतुसाचाही जन्म त्याच वर्षीचा. तोवर लांडगे संपले होते, पहाडी सिंह संपले होते. खाणारं कुणी न उरल्यावर हरणं वाढली, आज देशभरात तीन कोटींच्या घरात आहेत. जंगलातली नवी रोपं ती वर येऊ देत नाहीत, आणि रात्री गाडीच्या दिव्यांसमोर येतात ते वेगळं.

“आपल्याकडे हे काम बिबट्या करतो,” मामी म्हणाल्या. “आणि त्याला खांद्याची काळजी नाही.”

बिबट्या मुलुंडकरांच्या सीसीटीव्हीत अधूनमधून दिसतो, त्यामुळे वाक्य विनोदी असलं तरी माहितीतून आलेलं होतं. १०४ चौरस किलोमीटरच्या त्या उद्यानात चितळ, सांबर आणि शिकारी प्राणी अजून एकत्र आहेत. भारतात शिकारबंदी टिकते त्याचं एक कारण हेही आहे की खाणारे पूर्ण संपलेले नाहीत. मुंबईच्या निसर्गप्रेमाचा उगम मात्र बंदुकीतूनच झालेला आहे. सालिम अलींनी लहानपणी छर्‍याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग का, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तिथून पुढचं सगळं घडलं. ज्या मामांनी त्यांना वाढवलं ते अमिरुद्दीन तय्यबजी शिकारीच होते. मामींना हा दाखला पटला नाही. चिमणी मारल्याशिवाय डाग दिसला नसता का, म्हणाल्या.

गोळी कशाची, हा विषय भाचीनंच काढला. शिशाची गोळी आत फुटते, तिचे बारीक कण मांसात लांबवर पसरतात आणि उरलेली आतडी खाणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडं शिशानं मरत होती म्हणून १ जुलै २०१९पासून त्या राज्यात शिकारीला शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद झाल्या. आपली गिधाडं जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकनं गेली आणि ते औषध २००६मध्ये बंद झालं. मुंबईच्या पारशी समाजाला त्याची किंमत गिधाडांवर विसंबलेल्या डुंगरवाडीवर कळली. तांब्याची गोळी आत फुटून विखुरत नाही, वजन राखून खोल जाते. त्यामुळे शिशाच्या गोळीपेक्षा एक पायरी हलकी घेतली तरी काम भागतं, आणि गोळी हलकी म्हणजे धक्काही हलका. “.२४३ला तू कमी म्हणत होतीस,” मामा लगेच म्हणाले. “तांब्याची गोळी घातली की तुझा हाडाचा मुद्दा अर्धा पडला.”

“अर्धा. पूर्ण नाही. मी सेव्हन एमएम-ओएटच घेणार. कॉम्पॅक्ट, सव्वातीन किलोंची, तांब्याची गोळी. आणि मॅग्नम त्याची त्याला परत.”

मामा .२४३वरून हलले नाहीत. मामींनी विचारलं, एवढं मांस कोण खाणार. भाची म्हणाली, निम्मं फ्रीझरमध्ये, निम्मं ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ला. पेनसिल्व्हेनियात ही संस्था शिकाऱ्यांनी दिलेलं हरणाचं मांस खाटकांकडून साफ करून घेते आणि गरजूंच्या अन्नपेढ्यांना पोचवते. हरणांतल्या क्रॉनिक वेस्टिंग रोगाचा त्या राज्यात २०१२पासून वावर आहे, म्हणून अशा भागातलं हरीण असेल तर आधी तपासणी, मग खाणं. मग तिनं सांगितलं, त्या सहकाऱ्यानं गेल्या वर्षी पन्नास मीटरवरून हरणावर मॅग्नम झाडली होती. पुढचे दोन्ही खांदे रक्ताळून गेले, खाटकानं ते सरळ टाकून दिले.

“थांब,” मामा म्हणाले. “हे तुला आधीपासून माहीत होतं?”

“हो.”

“आणि तासभर तू माझ्याशी मॅग्नमच्या बाजूनं भांडलीस?”

“तुला हरवायचं होतं,” भाची म्हणाली, आणि मामींकडे वळून तिनं विचारलं, गोडा मसाला पार्सलनं पाठवता येईल का, कारण तिथला तिला चालत नाही.